पाटी पुसायच्या आधी

ता. ६ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या खारूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. नळाला पाणी बरं येतंय. तुझ्या खोलीच्या खिडकीची काच अखेर बसवून घेतली. सुतार येतो येतो म्हणून येईना, तोवर मीच पुठ्ठा लावला होता. तो चांगला निघाला, टाकला नाही.

आता एक गंमत सांगते, हसू नकोस. मी इंग्रजी शिकते आहे. तेही साधंसुधं नाही, वरच्या वर्गातलं. तुझे बाबा लिहितायत ते इंग्रजी शब्दांचं पुस्तक पुरं होत आलंय. पहिला भाग निसर्गाच्या शब्दांचा, दुसरा मनाच्या. तू होतीस तेव्हा तू तपासून द्यायचीस, आता... असो. यांचं म्हणणं पडलं की मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाला हे शब्द पचतात का ते आधी बघायला हवं. "आणि तसं माणूस घरातच आहे, फुकटात," म्हणाले. फुकटात म्हटल्यावर मी नाही कशी म्हणणार?

सकाळचा चहा झाला की तुझी शाळेतली पाटी पुढे ओढतात. कागद वाया नको, हे माझंच डोकं. त्यावर एक शब्द लिहितात, अर्थ सांगतात, आणि मग मी त्या शब्दाचं वाक्य करायचं. पण वाक्य खरं हवं. हा नियम तू लहानपणापासून ऐकला आहेस. ऐकीव चालत नाही, मनचं रचलेलं चालत नाही. डोळ्यांनी बघितलेलं, नाहीतर मनात असलेलंच हवं. जमलं की खडूनं टेबलावर टक् करतात. "घे, शब्द तुझा झाला, मॅट्रिकबाई." मग मी पाटी पुसते.

एक दिवस शब्द आला डेसिड्युअस. दर वर्षी ज्याची सगळी पानं झडतात ते झाड. मी म्हटलं, आमच्या फाटकापाशी एक डेसिड्युअस झाड आहे. टक्.

त्याच आठवड्यात हे फाटकाशी उभे राहून मला हाका मारायला लागले. "अगं, हे झाड मेलं की काय? एक पान नाही त्याला!"

"अहो, डेसिड्युअस ना ते?"

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हटलं. यांनी तोंडात घोळवून बघितला. "चांगला आहे शब्द. कुठून आणलास?"

मला वाटलं, मास्तर परीक्षा घेतायत. तशी खोडच आहे त्यांना. मी हसले. हे हसले नाहीत.

मग क्रिपस्क्युलर आला. म्हणजे उजेड आणि अंधार यांच्या मधल्या वेळी बाहेर पडणारे जीव. मी समोरच्या गोदामातल्या वटवाघळांचं वाक्य केलं. टक्. त्या दिवसापासून यांची संध्याकाळ गेली. गेली म्हणजे कशी ते सांगते. खिडकीपाशी खुर्चीत बसून बोलत असतात. ऊन उतरलं की वाक्य अर्ध्यावर थांबतं. डोळे उघडे, पण चेहरा बंद दुकानासारखा. हलवून बघितलं, कानाशी बोलले, गालाला हात लावला. काही नाही. बाहेर पुरता काळोख झाला की तेच वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू. मग विचारतात, "एकदम अंधार कसा झाला गं?"

आणि मला मात्र संध्याकाळ दिसायला लागली आहे. इतकी वर्षं ती वेळ भाजी निवडण्यात आणि देवापुढे दिवा लावण्यात गेली. आता आकाशाचा एकेक रंग कधी सुटतो ते कळतं. वटवाघूळ पंख उघडायच्या आधी मला कळतं की आता ते उघडणार. छान वाटतं, आणि मग यांच्याकडे बघवत नाही.

कळवलं इतकंच. तू ये असं म्हणत नाही. का ते तुला ठाऊक आहे. तू त्या दिवशी बोललीस ते, आणि "पुन्हा माझ्या दारात उभी राहू नकोस" हे यांचं. दोन्ही अजून घरात तसंच आहे. तुझं नाव निघालं की हे ताटावरून उठतात.

जेवणाची हेळसांड करू नकोस. देव तुला सांभाळो.

तुझी, तुझी वाट बघणारी,
आई


ता. २७ फेब्रुवारी

चि. खारूस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू लिहिलंस तसं यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, या वयात शब्द गळायचेच." मी विचारलं, गळतात तर मग ते माझ्याकडे कसे येतात? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मलाही गोळ्या लिहून दिल्या. माझ्या मी आणल्या नाहीत.

तू म्हणतेस की माणूस विसरतं, त्यात भिण्यासारखं काय? अगं, नुसता शब्द आला असता तर मीही भ्यायले नसते. शब्द एकटा येत नाही. डेसिड्युअसबरोबर मला एक झाड आलं. आपल्या फाटकाजवळचं नव्हे. मी जन्मात बघितलं नाही असं, कुठल्याशा शाळेच्या पटांगणातलं. त्याच्याखाली एक मुलगा शिक्षा म्हणून उभा आहे. मास्तरांची पट्टी त्याच्या हातून मोडली आहे. अंगावर पानं पडतायत, आणि रडू येऊ नये म्हणून तो ती मोजतोय. मनात म्हणतोय, मोठा झाल्यावर मी मास्तर होईन आणि कुणाला मारणार नाही.

मी हे सगळं यांना सांगितलं. म्हटलं, हे तुमचंच ना? हे मन लावून ऐकत होते. मग हळहळले. "बिचारा! कोणाचा मुलगा?"

इतकी वर्षं घरखर्च लिहिणाऱ्या बाईला एवढं तर कळतं, की या खिशातलं त्या खिशात घातल्यानं घरात भर पडत नाही. मी शिकवणी थांबवायला बघितलं. पाटी ट्रंकेमागे सारली, तर हे खडू हातात घेऊन रिकाम्या टेबलापुढे बसून राहिले, चहासुद्धा घेईनात. शिकवतानाच तेवढे हे पूर्वीसारखे असतात, मला चिडवतात, माझ्या उच्चाराला हसतात. पाटी परत काढली.

मनाचा भाग सुरू झाला. फोरबोडिंग म्हणजे काहीतरी वाईट येऊ घातलंय अशी आतून लागणारी चाहूल. मी म्हटलं, या पाटीकडे बघितलं की मला फोरबोडिंग होतं. यांना वाक्य फार आवडलं. टक्.

कड्या पुन्हापुन्हा तपासणारे तुझे बाबा आता दार सताड उघडं टाकून शीळ वाजवत बसतात. डॉक्टर म्हणतात, बघा, गोळ्या लागू पडल्या. आणि मी देवापुढून मध्येच उठते, कडी बघून येते, पुन्हा बसते. आजवर देवाशी नुसतं बोलत होते, आता घाबरत बोलते.

कामाचं एवढंच, की बाबांचा तुझ्यावरचा राग गेला आहे. परवा चहा पिताना म्हणाले, "खार बरेच दिवसांत दिसली नाही. गेलीय कुठे?"

मी म्हटलं, "तुम्हीच नाही का तिला येऊ नकोस म्हणालात?"

"मी? मी कशाला असं म्हणेन? तीच ती, जिच्या गालात पेन्सिलीची टोकं सापडायची!" आणि हसत सुटले.

तेव्हा तू येऊ शकतेस. गादी माळ्यावर आहे, तुझी तू काढून घे. तुझंच पाकीट उलटं करून हे पत्र घातलंय.

आई


ता. ६ मार्च

खारूस,

तू विचारलंस, "बाबांचा राग गेला लिहितेस आणि पत्र इतकं कोरडं का? आई, माझं काही चुकलं का?"

मागच्या पत्रात मधलं एक गाळलं होतं. ते आता लिहिते. तुझं काही चुकलेलं नाही. म्हणजे चुकलं असं मला सारखं वाटतं, पण ते माझं वाटणं नव्हे. वाच म्हणजे कळेल.

पुढचे शब्द कोणते येणार ते मला पुस्तकाच्या कागदांत दिसत होतं. त्यात रिझेंटमेंट होता. मनात धरून ठेवलेला, शिळा होत गेलेला राग. तो बघितला आणि माझ्या मनात आलं, हाच तो, यांनी दारात आडवा घातलेला. मी यांना म्हटलं, हा आधी शिकवा.

"क्रमानं जायचं असतं, मॅट्रिकबाई."

"मला घाई आहे."

"या वयात कसली गं घाई?"

मी काय सांगणार? तुम्ही भराभर रिकामे होताय, आणि तुम्हाला ओळख आहे तोवर पोरगी घरात यायला हवी, असं सांगू?

पण वाक्य खरं हवं ना. तुझ्यावरचा राग मी कुठून आणणार? कामं करता करता दिवसभर शोधला. आणि सापडला गं. एवढासा होता. तू गेलीस तेव्हा स्वयंपाकघरात डोकावून मला "येते" म्हणाली नाहीस, तो. तेवढाच धरून वाक्य केलं. म्हटलं, माझी मुलगी मला न सांगता गेली, त्याचं रिझेंटमेंट माझ्या मनात आहे. आवाज चिरकला. यांनी टक् केलं. मी पाटी पुसली.

माझा चिमूटभर होता, यांचा आला तो पोतंभर. बरोबर तो दिवसही आला. त्या दिवशी मी आत होते, मला नुसतं दार आपटलेलं ऐकू आलं होतं. आता तू रोज माझ्यासमोर उभी राहतेस. पिशवीच्या पट्ट्यात अंगठा अडकवलेला. म्हणतेस, "बाबा, तुमचे हे शब्द आता कुणाला नकोत. उगाच धरून बसलाय." तुझ्या कपाळाच्या वरच्या बाजूला चष्म्याची कड दिसते. मी चष्मा लावत नाही, तुला माहीत आहे. ती कड यांच्या चष्म्याची.

तुझं पत्र आलं की चुरगाळावंसं वाटतं. शेल्फावरचा तुझा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. हे सरळ करतात, मी पुन्हा फिरवते. हा राग माझा नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण दुखतं ते माझ्याच छातीत. असू दे. एकाच घरात दोघांपैकी कुणीतरी तो बाळगायचाच होता. यांच्यापाशी असता तर तुला दार बंद होतं. माझ्यापाशी आहे तर निदान दार उघडेल. मी हिशेब करूनच घेतला आहे.

आता पाटीवर शब्द आहे यर्निंग. दूरच्या माणसासाठी जिवाला लागलेली ओढ. कितीतरी दिवस तोच आहे. मी वाक्य करत नाही, पाटी पुसत नाही. हे सकाळी बसतात, शब्द बघून खूश होतात आणि पहिल्यापासून शिकवतात. मी गप्प. यांना वाटतं, हिला जमत नाही.

"सोपं आहे गं. माझं सांगू का नमुन्याला?"

"सांगा."

"फाटक वाजलं की मला वाटतं, खार आली."

रोज तेच वाक्य सांगतात. वारा आला तरी फाटकाकडे बघतात.

आणि खोटं कशाला बोलू, माझंही वाक्य ओठांशी येऊन बसलं आहे. ते मोठ्यानं म्हटलं तर ही छातीतली धग विझेल. यांची ओढही माझ्यात येईल, मी तुझी गादी उन्हात घालीन, फोटो पुसीन, पूर्वीसारखी होईन. मोह फार होतो. पण मग यांच्याकडे काही उरणार नाही. तू दारात उभी राहशील आणि हे हळहळून मला विचारतील, "कोणाची मुलगी?"

म्हणून मी तोंड मिटून आहे. पण त्याचाही आता भरवसा वाटत नाही. काल दुपारी बसल्या बसल्या डोळा लागला. जागी झाले तर पाटीची एक कड पुसलेली होती आणि माझ्या बोटांना खडू होता. माझे ओठ हलत होते. अर्धं वाक्य मी बोलून गेले होते का, देव जाणे. यांना विचारलं तर म्हणाले, "काहीतरी पुटपुटत होतीस, छान होतं." नंतर फाटक वाजलं तेव्हा यांनी मान वळवली, पण जरा उशिरा.

तेव्हा सगळं टाकून ये. सकाळी ये, उजेडात. संध्याकाळी येऊ नकोस, त्या वेळी तुझे बाबा घरी नसतात, खुर्चीत दिसले तरी. फाटक जोरात वाजव. दार तेच उघडतील. मी आत ओट्यापाशी असेन, तुझ्याकडे पाठ करून. पाणी देईन, वाढीन, पण बोलेन असं नाही. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, तिथे आता माझं फारसं काही नाही. तू सरळ यांच्यापाशी जाऊन बस. पाटीला धक्का लागून ती फुटली तरी फुटू दे, नवी आणता येईल.

तुम्ही दोघं भेटलात, पोटभर बोललात, की मग मी माझं वाक्य म्हणेन. त्याआधी नाही.

खाली सही करताना हात अडला. हा राग मला 'आई' असं लिहू देईना. यांचा नियम आहे, वाक्य खरं हवं. म्हणून आधी देवापुढे उभी राहून ते मोठ्यानं म्हणून बघितलं. आवाज चिरकला नाही, म्हणून लिहिते.

मी अजून तुझी आई आहे.