डब्यातली दुधाची पावडर

प्रिय ठमे,

ऑपरेशननंतर डोळ्यावर बसवलेली ती मऊ लेन्स काढेपर्यंत तू स्वतः वाचायचं नाहीस, तेव्हा हे पत्र लेकीकडून वाचून घे. तिच्यासमोर मावशीची अब्रू जाईल. जाऊ दे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात कॅल्शियम साचून पांढरा पट्टा तयार झालाय. वरचा पातळ थर काढायचा, कॅल्शियम विरघळवणारं औषध लावायचं आणि अलगद खरवडायचं. "भिंत मी साफ करीन, पण ओल कुठून येतेय ते शोधायला हवं," म्हणाले. रक्तातच कॅल्शियम वाढलेलं राहिलं तर पट्टा परत येणार. कुठली गोळी, कुठलं टॉनिक, असं त्यांनी तीनदा विचारलं. तू नाही म्हणालीस, आणि ते खरंच होतं. मी मात्र फणकारले, "आम्ही घरात खडू खातो की काय!"

मला दोषी हवा होता आणि तो मी तू कामाला जायचीस त्या घड्याळांच्या दुकानात शोधला. मालकाला भर गिऱ्हाइकांत सुनावलं, घड्याळं धुवायच्या तुमच्या त्या पेट्रोलच्या वाफांनी माझ्या बहिणीचे डोळे खाल्ले. बिचारा कपाळावरचं भिंग तसंच ठेवून ऐकत राहिला. बावीस वर्षं ज्या खुर्चीवर बसलीस, ती मी तुला एका दुपारीत सोडायला लावली. तू चिमटे रुमालात गुंडाळलेस आणि माझ्यामागे घरी आलीस. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक कबूल करताना 'पण' म्हणायचं नाही. माझं तर आयुष्य 'पण' म्हणण्यात गेलं.

काल तुझा रक्ताचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व भलतंच वाढलंय, आणि त्यानंच कॅल्शियम चढतं म्हणे. डॉक्टरांनी मला फोन करून पुन्हा तेच विचारलं. माहीत नाही म्हणून मी फोन ठेवला आणि मग रात्रभर बसून राहिले. ठमे, तुझं मनगट मोडलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या होत्या. आठवड्याला एक, आठच आठवडे. तू नाक मुरडलंस, म्हणून मी रोज सकाळी तुझ्या दुधात एक गुपचूप घालत गेले. औषधच ते, जास्त झालं तर काय बिघडतं, असं म्हणत दीड वर्ष. तुला सारखी तहान लागायची, मळमळायचं; मी म्हणायचे, चहा कमी कर. लेकीकडे जाताना दुधाच्या पावडरीचा डबा दिला ना, त्यातही पुड्या फोडून मिसळल्या आहेत. आज सकाळी डॉक्टरांना खरं सांगितलं. डबा फेकायला लेकीला फोनवर सांगितलं, कारण सांगायची हिंमत झाली नाही. ते कारण हे. आता मी दुकानात निघाले आहे, मालकाची माफी मागायला आणि तुझी खुर्ची परत मागायला. तुझी माफी पत्रातून मागते, कारण समोर असतीस तर लगेच "असू दे गं ताई" म्हणाली असतीस. या वेळी म्हणू नकोस.

तुझीच, तुझ्या भल्यासाठी तुला न विचारणारी,
ताई