पिवळी धूळ

॥ श्री गोल्ज्यू प्रसन्न ॥

कुथलधार, ९ ऑगस्ट १९८४

ती. दीदींच्या पायांशी मोतिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या थोरल्या दिरांना, जेठज्यूंना घेऊन हल्द्वानीच्या इस्पितळात गेलात त्याला महिना होऊन गेला. त्यांचा खोकला कसा आहे? रात्री झोप लागते का? इकडे गाय ठीक आहे, मी ठीक आहे, भांग ठीक नाही.

काय झालंय ते मला धड सांगताही येत नाही. पानांच्या खालून हिरवा मावा चिकटून बसलाय. त्याच्यावर मुंग्यांची ये-जा चालते, त्या त्याला खातात की राखतात, देव जाणे. राख टाकली, पावसाने धुऊन नेली. पुन्हा टाकली, पुन्हा नेली. काही झाडांच्या खोडाला मधेच गाठ आलीय आणि गाठीच्या वरचा शेंडा मान टाकतोय. काहींच्या पानांवर तपकिरी ठिपके. सगळ्यांना एकच रोग असता तर त्याच्याशी भांडले असते, इथे प्रत्येकजण आपापलं दुखणं घेऊन उभा आहे.

माझ्या माहेरी खोऱ्यात भात आणि गहू, भांग फक्त चटणीच्या वाटीत पाहिलेली. लग्न होऊन आल्यावर तुम्ही मला सूत कातायला शिकवलंत, धान्य भरायचे कुथले विणायला शिकवलंत, पण वरच्या शेताला मला हात लावू दिला नाहीत. आता विचारू कोणाला? गावात सगळ्यांनी भांग सोडून बटाटा लावलाय. ओढ्यापलीकडे गुमान सिंहाचं शेत आहे, पण त्याच्याशी आपण बोलत नाही. आसामला यांच्या पलटणीत पत्र टाकलं, तर यांनी उलट टपाली लिहिलं की दीदीला विचार.

तुमचा कुंदन आपलं वरचं शेत विकायला निघालाय असं खाली दुकानात बोलत होते. खोटं असेल तर तसं लिहा. खरं असेल तरी लिहा. रोगट झाडांचं काय करू तेही लिहा.

माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची धाकटी जाऊ,
मोतिमा

*

हल्द्वानी, १७ ऑगस्ट १९८४

चि. सौ. मोतिमा हिस अ. आ. वि. वि.

आज घ्यू त्यार, तुपाचा सण. तूप खाल्लंस की नाही? नसेल खाल्लं तर पुढच्या जन्मी गोगलगाय होशील. तशी तू आत्ताही काही फार वेगाने चालत नाहीसच.

राख दुपारी टाकत असशील, खात्रीने सांगते. पहाटे दव असताना टाकायची, म्हणजे चिकटते. पानाच्या खालून, ओंजळ वर उडवून. डोळे मीट. मावा फारच असेल तर गाईचं आंबलेलं मूत पाणी घालून शिंपड. गाठ आली असेल तिथे आत अळी आहे. विळ्याच्या टोकाने उभी चीर दे, अळी काढ, सुतळीने बांध, झाड वाचतं. आणि एक लक्षात ठेव, ओळखू न येणारा रोग दिसला की दयामाया नको. उपट आणि जाळ. एक झाड वाचवायला जाशील तर सगळं शेत घालवशील.

कुंदनचं खरं आहे. कोणी हॉटेलवाला आहे, त्याला आपल्या शेतातून दिसणारी बर्फाची शिखरं हवी आहेत. कुंदन म्हणतो, आई, आता बाबांना वर चढवत नाही, तुम्ही दोघं इथंच राहा, वर आहे काय? मी म्हटलं, सासूबाईंचं बी आहे. ते यंदा डब्यात आलं तर मी चैतात पेरायला वर जाईन, नाही आलं तर तुला काय करायचं ते कर. तर आता सगळं तुझ्या हातात आहे, गोगलगायबाई.

जेठज्यूंचा खोकला कमी आहे, चिडचिड वाढली आहे. डॉक्टर म्हणतात हे चांगलं लक्षण आहे. डॉक्टरांना त्यांच्याबरोबर राहावं लागत नाही.

तुझ्यावर लोभ आहेच, तो वाढेल असं वाग.

जैंती

*

कुथलधार, २८ ऑगस्ट १९८४

ती. दीदींना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि माझा जीव भांड्यात पडला. पहाटेची राख चिकटली, मावा बराच उतरला. चिरलेल्या खोडांतून निघालेल्या अळ्या कोंबड्यांना घातल्या. आता अंडी भांगेची लागतील म्हणून शेजारच्या काकी हसतात.

पण दीदी, खरा रोग पुढेच होता. निम्म्याअधिक झाडांना शेंड्याशी बारीक घोस आले आणि धक्का लागला की त्यांतून पिवळी धूळ उडायला लागली. माझे हात पिवळे, ओढणी पिवळी, बाजूच्या निरोगी झाडांवरही धूळ. माझ्या अंगावर काटा आला. माहेरी गव्हाला तांबेरा पडतो तेव्हा असंच होतं, आणि बाबा ती झाडं शेजारी कळायच्या आत जाळतात. तुमचं पत्र पुन्हा वाचलं. उपट आणि जाळ. मी दिवसभर उपटत होते. धूळवाली सगळी काढली, एकही ठेवलं नाही, आणि बांधावर जाळली.

धूर झाला तेव्हा गुमान सिंह ओढ्यापलीकडे येऊन उभा राहिला आणि हात हलवून ओरडायला लागला. ओढ्याला पूर आहे, एक अक्षर ऐकू आलं नाही. धुराबद्दल शिव्या देत असणार. तुमची शिकवण आठवून मी पाठ फिरवली.

शेत आता विरळ दिसतं, पण उरलेली झाडं हिरवीगार आहेत. मी बरोबर केलं ना? सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलंय, तरी काल जेवण गेलं नाही.

लोभ कमी न व्हावा.

मोतिमा

*

हल्द्वानी, ५ सप्टेंबर १९८४

चि. मोतिमास आ.

अगं बाई, तू नर उपटलेस.

भांगेत नर वेगळा, मादी वेगळी. ती धूळ म्हणजे नराचा फुलोरा, ती मादीवर पडते तेव्हा बी धरतं. तो रोग नव्हता. फुलोरा झडला की नर आपणच पिवळा पडतो, मग आपण त्याला उपटून ओढ्यात भिजत घालतो आणि त्याचं सूत निघतं. त्याच सुताचे कुथले तू विणतेस. तू यंदाचं बीही जाळलंस आणि यंदाचं सूतही.

पत्र वाचून मी आधी हसले, मग जिन्यात जाऊन रडले. दोष तुझा म्हणू तर तुला शेतात येऊ दिलं नाही ते मीच. ओळखू न येणारा रोग जाळ, हे लिहिलं तेही मीच. तुला तर कुठलाच रोग ओळखता येत नव्हता, हे मला कळायला नको होतं का?

आता काय करायचं ते मलाही कळत नाही. आधी उडालेली धूळ पुरली असेल का? मादीचा शेंडा चिमटीत दाबून बघ, कडक दाणा लागतो का. एखादा नर दगडांच्या आड राहिला असेल, शोध. गुमान सिंहाकडे नर असतील, पण त्याने आपलं पाणी वळवलं तेव्हापासून मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही आणि त्याच्या दारात जायचं नाही. कुंदनला अजून काही सांगितलेलं नाही. तो हॉटेलवाल्याला रविवारी जेवायला बोलावतोय.

रागावले आहे, पण तुझीच आहे.

जैंती

*

कुथलधार, १९ सप्टेंबर १९८४

ती. दीदींना शि. सा. न. वि. वि.

दाणा नाही. शेंडे चिकट होत चाललेत, वास घरापर्यंत येतो, पण आत नुसतं पोकळ. पावसाने काही शेंडे आतून राखाडी सडले, ते हलकेच कापून पिशवीत घालून दूर पुरले. कापावं की सोडावं, कळत नव्हतं. परवा दोन अनोळखी बाप्ये येऊन म्हणाले, गांजासाठी बी नसलेली भांग छान लावलीस, पुढच्या वेळी आम्हालाच दे. मी म्हटलं, आमचा परवाना सुताचा आणि बियांचा आहे. विळा हातातच होता, ते गेले.

मग मी तुमचं ऐकलं नाही. खतडुव्याच्या, गुरांच्या सणाच्या दिवशी प्रसादाची काकडी घेऊन पूल ओलांडला आणि गुमान सिंहाच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं आणि तिथे गेल्यावर नुसती काकडी पुढे केली. म्हातारा आधी खूप बोलला. घसा बसेपर्यंत ओरडत होतो, नर जाळू नकोस म्हणून, आणि ही पाठ दाखवते. अशा सुनेला देव्हाऱ्यात बसवा म्हणाला. मग काकडी खाल्ली आणि म्हणाला, गारा पडल्या त्या वर्षी तुझ्या सासूने मला बी दिलं होतं, माझं शेत तिच्याच बियाचं आहे.

त्याच्या शेताच्या सावलीतल्या पायरीवर उशिरा फुललेले काही नर होते. त्याने ते कापून ओल्या धोतरात गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर स्वतः घेऊन आला. आम्ही दोघांनी ते एकेका मादीवर झटकले. आपल्या शेतात तो आला, दीदी. मी त्याला येऊ दिलं. बी धरेल का, विचारलं तर म्हणाला, उशीर झालाय, मला काय ठाऊक.

मी तुमचा शब्द मोडला की तुमचं शेत राखलं, मला काही कळत नाही. तुम्ही काहीही लिहा, पण लिहा. घरात एकटीला आता फार जड जातं.

माया तोडू नये.

मोतिमा

*

हल्द्वानी, २७ सप्टेंबर १९८४

चि. मोतिमास अनेक उ. आ.

तू बरोबर केलंस. मी इतकी वर्षं जे करायला हवं होतं ते तू काकडी घेऊन केलंस.

सासूबाईंनी त्याला बी दिलं होतं हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मी त्याच्याशी बोलत नव्हते आणि तो आमचंच बी पेरत होता. बी धरलं तर देवाची कृपा. नाही धरलं तर चैतात त्याच्याकडून मागून आणू, मागायला मी जाईन. कुंदनला काल सांगितलं की शेत विकायचं नाही. तो रुसला आहे. त्याला वाटतं मी बियाची वाट पाहत होते. मलाही तसंच वाटत होतं, पण तुझं पत्र वाचलं आणि बी धरलं का हे कळायच्या आधीच मी निघायला पेटी काढली.

तुझे जेठज्यू येणार नाहीत. इथे डॉक्टर जवळ आहे, नळाला पाणी आहे, मुलगा आहे, असं म्हणाले. तू जा म्हणाले. मला वाटलं होतं रागावतील, निदान राहा तरी म्हणतील. लग्न झाल्यापासून त्यांना सोडून मी माहेरीसुद्धा फार राहिले नाही. त्यांच्याजवळ राहावं की तुझ्याजवळ यावं, मला अजूनही कळलेलं नाही. कळलं नाही तरी रविवारच्या बसचं तिकीट काढलं आहे.

टपालाची चाल तुला ठाऊकच आहे. हे पत्र पोचेल तेव्हा मी बहुतेक तुझ्यासमोर चुलीशी बसलेली असेन. तेव्हा ते मोठ्याने वाचू नकोस.

तुझी,
जैंती