नाकासमोर

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

ती. भानूआत्यास,
अश्लेषाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. स्थळांसाठी फोटो काढला. त्यात माझं नाक एका बाजूला कललेलं. मी फोटोवाल्याशी भांडले, तर तो शांतपणे म्हणाला की आरसा उलटं दाखवतो, लोकांना तुम्ही अशाच दिसता.

चोवीस वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. आता कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसते. आई म्हणते, नसती थेरं आहेत. डॉक्टरही म्हणाले की थोडंफार वाकडं सगळ्यांचंच असतं, श्वासाला त्रास नाही, मग कशाला? तरी हट्टानं ऑपरेशनची तारीख घेतली आहे, पाच फेब्रुवारी. तू तरी नाक मुरडू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अश्लेषा

खुलताबाद
१९ जानेवारी

चि. अश्लेषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दोन दिवस घास उतरला नाही. तुझं नाक टोचलं तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस. सोनारानं तार घातली आणि तू मान फिरवलीस. माझा हात सैल पडला म्हणून पोरीचं नाक वाकडं झालं, हे वीस वर्षं मनात धरून बसले होते. वाटलं, आता तू जाब विचारणार.

मग ट्रंकेतून तुझ्या बाबांचा मुंजीतला फोटो काढला. नाक तसंच, त्याच बाजूला. वैजूचं तर कुणी टोचलं नव्हतं. पोरं चिडवायची की वैजनाथ नाकासमोर चालला तर शाळेऐवजी बाजारात पोचेल. आणि तो जन्मभर नाकासमोरच चालला.

तुमच्याकडं हार घातलेला फोटो आहे, त्यात स्टुडिओवाल्यानं नाक सरळ करून टाकलंय. वर्षश्राद्धाला त्यापुढं बसले, पण रडू आलं नाही. कुणी परकाच वाटला. तुझ्या आईला तेव्हा हे सांगवलं नाही.

ऑपरेशन करू नको म्हणत नाही, नाक तुझं आहे. फक्त त्याआधी एकदा ये. मला त्याला डोळे भरून बघू दे.

तुझी आत्या

बजाजनगर
२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, तारीख रद्द केलेली नाही. पुढं ढकलली आहे.

बाबांचा मूळ फोटो शोधून त्याच स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, ताई, नाक वाकडंच ठेवायचं का? मी हो म्हणाले. काल जुना उतरवून हा लावला. आई हातातली भाजी तशीच टाकून त्यासमोर बसली. म्हणाली की आज घरी आले हे.

मला अजून आरशात बघवत नाही, आत्या. शनिवारी येते. आधी तू बघ, मग मी बघेन.

तुझ्या मायेची,
अश्लेषा