खिडकीतलं हाड

हिकरी बेंड, ३ डिसेंबर

लाडक्या टेसीस,

तुझी तब्येत बरी असणार. बरी नसती तर तुझ्या वेंडेल मामाला फोन आला असता. मला नसता आला, ते माहीत आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत.

डूली बरा आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना किंचाळायची नाहीस.

थँक्सगिव्हिंग नेहमीसारखंच झालं. तू कुत्रं माझ्या पदरात टाकून जाताना सांगितलेलं सगळं मी पाळलं, हो. टर्कीत भरायच्या स्टफिंगचा कांदा चिरला तेव्हा डूली मागच्या अंगणात, कुत्र्याला कांदा विष म्हणून. बेदाण्यांचा ब्रेड आणि चॉकलेट फ्रिजच्या डोक्यावर. पाहुण्यांनी दार उघडं टाकू नये म्हणून दारावर पुठ्ठा लावला: "दार लावा. कुत्र्याला काही देऊ नका." तरी वेंडेलचा हात टेबलाखाली गेलाच.

"अगं आई, टर्कीचं एवढंसं कातडं आहे. सणाचा दिवस आहे त्याचाही."

"त्याचा सण असता तर त्यानं भांडी घासली असती," मी म्हटलं आणि डावानं त्याच्या हातावर हाणलं. मोठा माणूस, पण ओरडला लहानपणीसारखाच.

जेवणं झाल्यावर सगळी हाडं पिशवीत बांधली आणि स्वतः नेऊन बाहेरच्या झाकणाच्या डब्यात टाकली. शिजलेल्या हाडाचे काटे होतात, हे मला शाळेत न जाताही कळतं.

एक सोडून सगळी.

परवा सकाळी कोंबड्यांना दाणे घालून आत आले, तर डूली स्वयंपाकघरात मान ताणून उभा. तोंडातून लाळेची तार. गिळतोय, पण काही खाली जात नाही. सिंकपाशी माझी खुर्ची असते ना, भांडी घासताना टेकायला? तिच्यावर चढून त्यानं खिडकीच्या फळीवरचं हाड काढलं होतं. या वयात! मला त्या खुर्चीवर नीट बसता येत नाही.

मी बोट घातलं नाही, पाणी पाजलं नाही. ब्लँकेटात गुंडाळला आणि वेंडेलला हाक मारली. गाडीत वाटभर तो माझ्या मांडीवर थरथरत होता. मी त्याला सांगितलं, "मेलास तर बघ. तिला मी काय तोंड दाखवू?" असलंच काहीबाही. वेंडेल म्हणतो मी रडत होते. त्याच्या गाडीची काच फुटकी आहे, वारा येतो डोळ्यांत.

डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन लांब चिमट्यानं ते काढलं. घशाला ओरखडा आहे, आठवडाभर मऊ खायला घालायचं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इतकं सांभाळता तुम्ही, मग हेच हाड कशाला ठेवलं होतं, आजी?"

"विसरले," मी म्हटलं.

विसरले नव्हते. ते टर्कीच्या छातीतलं दोन फाट्यांचं हाड होतं, दोघांनी ओढायचं आणि मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी होते म्हणतात ते. वेंडेलनं जेवताना हात पुढे केला होता, "चल आई, आपण ओढू." मी म्हटलं, अजून ओलं आहे, वाळू दे. टेसी, तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून ते हाड तुझं नि माझं. माझा फाटा मी सैल धरायचे, म्हणून मोठा तुकडा दर वर्षी तुझ्या हातात यायचा. तुला वाटायचं तुझ्यात फार जोर आहे. डोळे मिटून काय मागायचीस ते कधी सांगितलं नाहीस.

तर ते धुऊन, पुसून मी फळीवर ठेवलं होतं. उशिरा का होईना, येशील म्हणून.

ऑगस्टमध्ये हॉस्पिटलातल्या कामासाठी तू सामान गाडीत भरत होतीस तेव्हा मी म्हटलं होतं, जातेस तर सणाला तोंड दाखवायला येऊ नकोस. म्हटलं होतं. पण जन्मभर मी काय काय बोलत आले; जाड स्वेटर घाल म्हटलं, तो पिवळ्या केसांचा मुलगा नको म्हटलं, त्यातलं एक ऐकलं नाहीस. नेमकं हेच बरं ऐकलंस?

आता ऐक. हाड मोडलं होतं. छोटा तुकडा मला फरशीवर सापडला, मोठा त्याच्या घशातून निघाला. म्हणजे रीतीनं इच्छा त्याची. तो काय मागणार? संध्याकाळी जाळीच्या दाराशी बसतो आणि रस्त्यावरून गाडी गेली की कान उभे करतो. प्रत्येक गाडीला. मूर्ख आहे.

नाताळची सुटी तुझ्या हॉस्पिटलात मिळत असेल तर बघ. मी कुत्र्यासाठी म्हणते आहे. त्याचं वय झालंय.

आलीस की आधी जाळीचं दार नीट लाव आणि मगच त्याला हाक मार. तुला बघून तो थेट रस्त्यावर धावेल, आणि त्याच्यामागे मला धावता यायचं नाही.

दाराला आतून कडी घातलेली नसते.

तुझी आजी,
मॅमॉ