पिशवीतली सुरी

बाबा, गेले दोन महिने माझ्या पिशवीत एक सुरी आहे. ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असती, म्हणून आधीच सांगतो, कुणावर उगारायला नाही. ज्या ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर मी वीस वर्षं डोंगर चढलो, त्यांना पंधरा सुऱ्या एकदम मागवायच्या आहेत. घडीची नको, अखंड पात्याची हवी, लहानशी, रोज जवळ बाळगता येईल आणि रानात अडचणीला उपयोगी पडेल अशी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी त्यांच्याबरोबर जात नाही. पण माझे वडील कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवायला होते हे मी इतक्यांदा सांगून ठेवलंय की पोलादाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. नमुन्याची एक सुरी त्यांनी घरी आणून दिली. महिनाभर वापरा आणि घ्यायची की नाही ते कळवा, म्हणाले.

तर वापरली. पातं माझ्या मधल्या बोटाएवढं, आणि तीच पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली. हे तुम्हाला आवडलं असतं. म्यान कडक प्लास्टिकचं, सुरी आत बसली की कट्‌ असा आवाज येतो. तो ऐकायला मी उगाच चार वेळा काढघाल करतो. टोमॅटो बरा कापते. सफरचंद मात्र कापत नाही, फोडते, कारण पातं नको तितकं जाड. लिंबू कापून तशीच ठेवली तर सकाळी काळा डाग, आणि चार दिवस पुसली नाही तर मुठीजवळ तांबूस ठिपके. विक्रोळीची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. दुधाच्या पिशव्या, कुरिअरचे खोके, सुतळी, एवढाच तिचा पराक्रम. एकट्या माणसाच्या घरात कापायला असतं तरी काय? तुमची सून जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून भाजीसुद्धा पावशेरावर जात नाही. आणि रोज बाळगायची म्हणाल तर कुठे? घाटकोपरला मेट्रोच्या मशिनमधून पिशवी गेली आणि तिथल्या माणसाने ती बाजूला घेतली. "काका, ये क्या है? जंगल जाना है क्या?" म्हणाला. मी परत फिरून बस धरली. चूक माझीच होती. मुंबईत जिथे म्हणून माणसं भेटतात, तिथे दारात पिशवी तपासतात.

परवा ती पुसत बसलो होतो आणि तुम्ही केलेली सुरी आठवली. कारखान्यातले बाकीचे लोक डब्यात घालून काय काय बाहेर आणायचे, सगळ्या चाळीला माहीत होतं. मी कॉलेजातून पहिल्यांदा डोंगरावर निघालो तेव्हा तुम्हाला फक्त एक तुटकी करवतीची पट्टी हवी होती, मशिनवरची, भंगारात पडलेली. तेवढ्यासाठी तुम्ही गेटपास मागितलात. तोही त्या फोरमनकडे, ज्याच्याशी तुमचं वर्षभर बोलणं नव्हतं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलासमोर उभे राहिलात, हे मला नंतर आईकडून कळलं. मग रविवारी तुम्ही मोरीशेजारी बसला आहात, पट्टी दगडावर घासता आहात, पाणी मारता आहात, मध्येच नखावर धार बघता आहात. सुरी हातात दिली की भांडण होतं असं आई म्हणायची, म्हणून तुम्ही ती पाटावर ठेवता आणि मला उचलायला सांगता. "आडवो जोर लावू नको हां," तुम्ही म्हणता, "ह्यां पोलाद कडक आसा. वाकाचा नाय, तुटतला."

चौथ्या दिवशी परत आल्यावर मी सांगितलं की सुरी दरीत पडली. तुम्ही चहा पीत होतात. "पडली? जांव दे. कोणाच्या तरी कामाक येतली," म्हणालात, आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. बाबा, ती पडली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघेना, तर मी तिचं टोक आत घातलं आणि आडवा जोर लावला. मित्र बघत होते ना, मला ऐट दाखवायची होती. दोन तुकडे झाले. तुकडे मी तिथेच एका दगडाखाली सरकवले. रागावला असतात तर मी कबूल केलं असतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण ते काही खरं नाही. मला तुमची भीती नव्हती. तुमचे ते दोन दिवस मी एका संध्याकाळीत वाया घालवले, आणि ते ऐकताना तुमचा चेहरा कसा होईल हे मला बघायचं नव्हतं.

हे तुम्हाला सांगायला घेतलंय ते ग्रुपला द्यायच्या अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. अहवाल पुढच्या बाजूला आहे, आठ ओळींचा, लिहून महिना झाला. सुरी चांगली आहे, रानात न्यावी, शहरात घरी ठेवावी, पातळ पातं मिळालं तर ते घ्यावं. याहून सांगण्यासारखं काही नाही. पण ग्रुपातली एक मुलगी दर गुरुवारी फोन करते. बँकेत आहे, कामाच्या धबडग्यातून करते. "काय म्हणते सुरी, काका?" मी म्हणतो, "अगं, गंजाचं बघतोय अजून. घाई करून चालत नाही." ती म्हणते, "आरामात बघा हो, ऑर्डर थांबवून ठेवलीय. जेवलात ना?"

आठवड्यात येणारा तेवढा एकच फोन. मागच्या गुरुवारी मी धारेचं कारण सांगितलं. त्याआधी म्यानाचं. पंधरा माणसं माझ्यामुळे खोळंबली आहेत, आणि तिकडे त्यांचा मोसम जवळ आलाय. तुम्ही असतात तर एका वाक्यात मला सरळ केलं असतंत. कागद पलटला की अहवाल आहेच, त्याचा फोटो काढून पाठवायला मिनिटही लागत नाही, आणि मागे मी काय लिहिलंय ते कुणाला दिसणारही नाही. उद्या गुरुवार आहे. मुठीची पकड अजून नीट बघायची राहिलीय, असं सांगायचं मी ठरवून ठेवलंय.