पहिला हात

॥ श्री वज्रेश्वरी प्रसन्न ॥
काल्हेर, घटस्थापना,
२२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वैशालीताईस,
धाकट्या माधवीचा सा. न. वि. वि.

घरात फोन असताना हे कागदाचं खूळ कुठून आलं म्हणशील. आमच्या मृणालीच्या बाबांच्या फोनमधल्या ग्रुपवरचं बोलणं कुणीतरी ठेकेदाराच्या माणसाला दाखवलं. तेव्हापासून फोन हातात घ्यायची भीती वाटते. आणि ठेकेदार म्हणजे तुझे सासरे. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं नि राहीबाईच्या सुकटीच्या टोपलीत दिलं. तिला तुमच्या कशेळीत कुणी अडवत नाही. वास आला तर माझ्या नावानं नाक धर.

आमच्या शेजारचा नामा तुला आठवत असेल, मृणालीला खांद्यावर बसवून गणपती दाखवायचा तो. पुठ्ठ्याची खोकी कापायच्या मशीनमध्ये त्याचा पंजा गेला. माल लवकर निघावा म्हणून मशीनवरची जाळी काढून ठेवली होती. आता तुझे सासरे केसरीनाथकाका म्हणतात, हा आमचा माणूसच न्हाय, कुणाच्या तरी बदली आला होता. हॉस्पिटलात पडलेल्या माणसाच्या खिशातून गेटपास काढून नेला गं त्यांनी!

म्हणून मृणालीचे बाबा आणि ठेक्यावरचे बाकीचे जण भिवंडीला जाऊन युनियनमध्ये सही करून आले. कायद्यानं हक्कच आहे, असं तिथले वकील म्हणाले. हक्क आहे तर सगळे दबकून का बोलतात, हे मी विचारलं नाही. कंपनीला नोटीस दसऱ्यानंतर जाईल. तोवर नावं फुटली तर एकेकाला गेटबाहेर काढतील. मागे ठेक्यावरच्या दामूनं तोंड उघडलं, तर काल्हेर ते कशेळी एकाही गोदामात त्याला काम मिळेना. शेवटी खोली सोडून गेला. दारात मोटरसायकल थांबली की माझ्या हातातलं लाटणं थांबतं.

तुमच्या घरात नावं पोचलीत का, एवढं बघ. देवीसमोर अखंड दिवा लावलाय. तेल बेतानं घालते, पण विझू देत नाही.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी माधवी


कशेळी, ललिता पंचमी,
२६ सप्टेंबर

चि. सौ. माधवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. मांजर पार जिन्यापर्यंत माझ्या मागे आलं. सासूबाई म्हणाल्या, हे मांजर तुझ्या प्रेमात पडलंय वाटतं! पत्र तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलंय, आता महिनाभर भाताला सुकटीचा वास.

नावं अजून कळलेली नाहीत, पण युनियन झाली हे कळलंय. सासऱ्यांनी एक बेत केलाय. खंडेनवमीला फॅक्टरीत मशीनची पूजा असते, तुला ठाऊक आहे. सासूबाई स्वतः वज्रेश्वरीला जाऊन नारळ घेऊन आल्या. त्यांना वाटतं पूजेपुरता. पण पूजा झाली की प्रत्येक कामगारानं त्या नारळावर हात ठेवून सांगायचं, मी कुठल्या युनियनात सही केलेली नाही. जो मागे सरेल त्याचा पास तिथेच काढून घ्यायचा. कागदावर हे लोक हजार खोटं बोलतील, देवीच्या नारळावर बोलणार न्हायत, असं सासरे जेवताना हसत म्हणाले.

आमचे हे तिथे सुपरवायझर. नामाला यांनीच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. तेव्हापासून ताटात अन्न तसंच राहतं. पण बापासमोर यांचं तोंड कधी उघडलंय, ते आता उघडेल? तू तुझ्या या दीपेशभावोजींवर भरवसा ठेवू नकोस, बायको असून मीच सांगते. भूपेशरावांना म्हणावं, त्या दिवशी ताप आल्याचं सांगा आणि घरी पडून राहा. तू इकडे फिरकू नकोस.

आशीर्वाद आहेतच, जपून राहा.
तुझी ताई


काल्हेर, २९ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ताप चालणार नाही गं. त्या दिवशी जो येणार नाही तोच पहिला पकडला जाईल, असं हे म्हणतात. सगळ्यांचं ठरलंय, हात ठेवायचा आणि खोटं बोलून मोकळं व्हायचं. देवी काय हिशेब ठेवत बसलीय, म्हणे. मी म्हटलं, मी साध्या मिठाच्या पुडीचा ठेवते, ती नाही ठेवणार? मृणाली लहान आहे. तिच्या बापानं देवीच्या नारळावर खोटं बोलायचं आणि मी तिच्याच नावानं नऊ दिवस उपास करायचा!

मग मला आपल्या आबांचं आठवलं. अकलोलीला बांधाच्या भांडणात त्यांनी समोरच्याला नारळ उचलायला सांगितला, तेव्हा गावानं आबांनाच आधी हात ठेवायला लावला होता. शपथ मागेल त्याचा पहिला हात, आधी त्यानं आपलं खरं सांगायचं. ही रीत तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक असणार, तेही इथल्याच मातीतले.

हे मी यांना सांगितलं. आधी हसले. मग हसायचे थांबले आणि ती रीत मला पुन्हा सांगायला लावली. आता मला धडकी भरलीय. मी बोलले नसते तर हे निदान सगळ्यांच्या मागे उभे राहिले असते. मीच त्यांना पुढे ढकललं का गं?

तू आरतीला जाणार असशील तर यांच्यावर नजर ठेव.
माधवी


कशेळी, दसरा, २ ऑक्टोबर

चि. सौ. माधवीस, आशीर्वाद.

भूपेशरावांनी तुला निम्मंच सांगितलं असेल, पुरुष तेवढंच सांगतात. मी तिथे आरतीचं ताट धरून उभी होते.

सगळी मशीनं बंद, झेंडूच्या माळा, आणि मधे पाटावर तो नारळ. सासऱ्यांनी पहिलंच नाव भूपेशरावांचं घेतलं. ते पुढे आले, वाकून पाया पडले आणि म्हणाले, काका, तुम्ही मोठे, रीतीनं पहिला हात तुमचा. नामा आपला माणूस न्हाय, एवढं बोला. मग आम्ही सगळे ठेवतो.

सासरे हसले. हात पुढेही केला. तेवढ्यात सासूबाई बोलल्या. चाळीस वर्षांत चारचौघांत नवऱ्याला उलट न बोललेली बाई! नऊ दिस उपाशी ऱ्हाऊन, पदरात घालून आणलाय नारळ, खोटं बोलायचं आसंल तर हात लावू नका, म्हणाल्या. हात तिथेच राहिला, माधवी. खाली येईना आणि मागेही जाईना. मग त्यांनी घाम पुसला आणि नारळ फोडा, प्रसाद वाटा, असं ओरडून बाहेर गेले. शपथ कुणाचीच झाली नाही.

पण घरी आल्यावर त्यांनी ताट भिरकावलं. उद्यापासून भूपेशला गेट बंद, आणि काल्हेरला त्याच्या दारात माणसं पाठवतो, असं म्हणालेत. आमच्या यांनाच पाठवणार आहेत. मृणालीला घेऊन आबांकडे निघून जा. सोनं म्हणून आपट्याचं पान राहीबाईकडे दिलंय.

तुझी ताई


काल्हेर, ५ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आम्ही गेलो नाही. गेटवर यांना अडवलं, तर आत गेलेले सगळेच बाहेर येऊन यांच्याशेजारी बसले. नामासुद्धा बांधलेला हात घेऊन आला. नोटीस त्याच दिवशी कंपनीत पोचली. आता परवा कामगार खात्याचे साहेब चौकशीला येणार आहेत. नामा कुणाचा माणूस, हाच पहिला प्रश्न असणार.

काल दुपारी हे गेटवरून जेवायला आले होते, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. मी मृणालीला देवघराच्या कोपऱ्यात बसवलं आणि हातात काय आलं ते धरलं. नंतर पाहिलं तर पळी होती. दारात दीपेशभावोजी, एकटेच. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं. यांच्याकडे न बघता म्हणाले, जाळी मीच काढली होती, बाबांच्या सांगण्यावरून. नामाला मशीनवर उभंही मीच केलं. हे सगळं साहेबांसमोर सांगणार आहे. बाहेरून कुणाकडून कळायच्या आत बाबांनाही उद्या रात्री जेवतानाच सांगतो, म्हणाले. वैशालीला कळवू नका, ती घाबरेल, असं दोनदा बजावलं.

ताई, मी वचन दिलं नाही म्हणून लिहिते. इतके दिवस ही भीती आमच्या दारात होती, आता ती तुझ्या घरात शिरतेय. सासऱ्यांनी ताट भिरकावलं तिथेच भावोजी बोलणार आहेत. आज रात्री भावोजींच्या जवळ बस. सासूबाईंनाही बसव.

एक पिशवी भरून ठेव, दाराशी नको, तांदळाच्या डब्यामागे. आमची खोली लहान आहे, पण दोन माणसं जास्त मावतील. भगर भरपूर उरलीय. दिवा अजून तेवतोय, तेल आता हात न आखडता घालते. लोभ मागत नाही, तो आहेच. तुमच्या दारात काही झालं तर राहीबाईची वाट बघू नकोस, सरळ निघून ये.

तुझी माधवी