गोदाच्या ताटातली चैती

२८ एप्रिल १९३७, आसेगाव

आज सत्ताविसावा दिवस. गोदा अजून भिंतीकडे तोंड करून. सकाळी दोन घोट पेज, तीही मायने मान धरून पाजली म्हणून. दुपारी काही नाही. संध्याकाळी काही नाही.

लग्नाला सात वर्षं. इतक्या वर्षांनी मुलगी झाली आणि दोन दिवस राहिली. नाव ठेवायचंही राहून गेलं. तेव्हापासून गोदा बोलत नाही. रडतही नाही. रडली तर बरं, असं माय रोज म्हणते.

शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीबाहेर बघत बसलो. सतराचा पाढा दोनदा झाला, कोणी सांगितलं तेव्हा कळलं.

३० एप्रिल

मंगरूळचे डॉक्टर बैलांच्या दमणीतून येऊन गेले. नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली. ओट्यावर येऊन म्हणाले, "अंगात रक्त राहिलं नाही, मास्तर. औषध देतो, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. असंच चाललं तर मृगापर्यंत..." दूध, पेज, मुगाचं पाणी. तिखट-आंबट पूर्ण बंद.

मृगाला पाच-साडेपाच आठवडे.

शाळेला आजपासून सुटी.

१ मे

नदीच्या वाळूतलं पहिलं खरबूज आणलं. फोडल्याबरोबर घरभर वास. एक फोड तिच्या ओठाशी धरली. ओठ मिटलेलेच. रस हनुवटीवरून खाली गेला, तो पुसला. बाकीच्या फोडी उशाशी ठेवल्या, तासाभरात माशा बसल्या.

"तू तरी खाय," माय म्हणाली. खाल्लं नाही. गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो.

४ मे

आज ती बोलली. नीट लिहून ठेवतो.

करीमचाचा बागवान टोपली घेऊन दारी आले. चैतीचा पहिला तोडा. ही मिरची त्यांच्याच वाडीत होते, नदीच्या वळणावरच्या गाळात. बोटभर लांब, पिवळसर, पातळ सालीची, मोडली की कैरीसारखा वास. चैत्र सरता सरता येते, मृगाआधी जाते. वाळवली की नुसता जाळ उरतो, चव निघून जाते. म्हणून तेवढा महिना सारं गाव तीच खातं.

मायने आमच्या दोघांपुरत्या तव्यावर टाकल्या. तेल, मीठ. घरभर ठसका झाला. आतून खोकला आला, आणि खोकल्यामागून आवाज.

"चैती आली का?"

माय नि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मी ताट घेऊन उठलो. मायने मनगट धरलं. "बाळंतिणीले मिरची? डॉक्टर काय सांगून गेला? जीव घ्याचा हाय का तिचा?"

मी खाली बसलो. बसलो, याची लाज वाटते.

५ मे

माय नदीवर धुणं घेऊन गेली. तेवढ्यात चूल पेटवली. मला धड भाकरही थापता येत नाही, सकाळचीच होती. चार चैती भाजल्या, मीठ लावलं, ताट तिच्यापुढे ठेवलं.

तिने वास घेतला. आधी नुसतं देठ चोखलं. मग टोक मोडून भाकरीच्या तुकड्यात धरलं आणि खाल्लं. पाव भाकर गेली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडाने सी-सी. मीही एक खाल्ली. मला तिखट सोसत नाही, तिला ठाऊक आहे. माझेही डोळे वाहू लागले. थांबेनात. तिचेही थांबेनात. बराच वेळ. मिरचीचं पाणी इतका वेळ येत नाही.



७ मे

पहाटेपासून तिचं पोट दुखतंय. गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. मी दारातच उभा. मायला बाजेखाली देठं सापडली.

"तूच मारून राह्यला तिले, नारायन." हळूच म्हणाली. ओरडली असती तर चाललं असतं.

दुपारी कळ थांबली. आता परत फक्त पेज. आणि परत भिंत.

९ मे

मंगरूळला चालत जाऊन आलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं, पोटदुखी, पाव भाकर, सगळं.

"मिरचीनं रक्त येतं का, मास्तर?"

"मिरचीबरोबर भाकर जाते, साहेब. नुसती जात नाही."

"मी सांगितलं ते सांगितलं. पुढे तुमची जबाबदारी."

परतताना ऊन असं की वाटेत दोनदा बसावं लागलं. दोन दिवसांत तिने एकूण वाटीभर पेज घेतली. मिरची दिली तर काय होईल ठाऊक नाही. न दिली तर काय होईल ते ठाऊक आहे. घरी येईपर्यंत एवढंच डोक्यात.

१० मे

मायशी भांडायच्या तयारीने उठलो. चुलीपाशी गेलो तर तीच चैती भाजत होती. बिया अर्ध्या झटकलेल्या, वर तुपाचं बोट.

ताट घेऊन गोदापाशी बसली. "माह्यासमोर खाय. चोरून खायाचं नाही अन् उपाशी पोटी तं बिलकुल नाही. आंधी दूध पे."

गोदाने दूध प्यायलं. मग अर्धी भाकर. माय पंख्याने वारा घालत होती. मधेच, कोणाकडेही न बघता म्हणाली, "माह्येही दोन गेले, तुह्या नवऱ्याच्या आंधी. मले कोनी इचारलं नाही का तुले काय खावं वाटते."

मला हे माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षांचा झालो.

१३ मे, अखजी, अक्षय्य तृतीया

पोट दुखलं नाही. तीन दिवस रोज अर्धी भाकर. आज पूर्ण.

मायने पितरांना घास ठेवला आणि मग आम्ही तिघं ओट्याच्या सावलीत बसलो. गोदाला धरून आणलं. ज्वारीची भाकर, बेसनाचं चून, मुठीने फोडलेला कांदा, वाळूतली काकडी, कैरीचं पन्हं. आणि चैतीचा ठेचा, मायने दगडावर नुसतं मीठ-लसूण घालून रगडलेला. या ठेच्याचं कसं लिहावं? आधी आंबूस लागतो, मग गोडसर, तोवर आपण बेसावध. मग कानशिलं तापतात. मग काकडी चावायची, गार पाणी तोंडभर, आणि परत बोट ठेच्याकडे. गोदा काकडीला ठेचा लावून खात होती, लहानपणी खायची तशी. माळ्याची लेक, वाडीतच वाढली.

हात धुताना गोदाने विचारलं, "तिले कोठं ठेवलं?"

सव्वा महिना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "नदीकाठी. मोठ्या बाभळीखाली."

"सावली हाय का तथी?"

"हाय."

मान हलवली. आत जाऊन निजली.

१७ मे

करीमचाचांकडे गेलो होतो. विहिरीत मोट बुडत नाही इतकं कमी पाणी. बैल सोडून दिलेत. चैतीची पानं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी परत उठत नाहीत.

"किती दिवस, चाचा?"

"आठ. लय झालं तं धा."

मी तिथेच बांधावर बसलो. गोदाने सकाळी चैती नव्हती म्हणून घास खाली ठेवला. बाजारातली हिरवी मिरची दिली. चाटून ठेवून दिली. "हे चैती नोहे." हट्ट नाही तो. गिळवतच नाही तिला. नुसत्या दुधाने आज ओकारी झाली.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पानी पायजे, मास्तर. बाकी माह्या हाती काही नाही."

१८ मे

नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरा खणला चाचांनी नि मी, कमरेइतका खोल. तांब्याने घागर भरायची. दोन घागरींची कावड. चढ आहे. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत बारा खेपा. खांदा सोलून निघालाय. वाटेत दोघंतिघं उभे राहून पाहत होते. "मास्तर, शाळा सोडली काय?" म्हणाले. मी कावड घेऊन पुढे गेलो.

२२ मे

रोज जातोय. झिऱ्याला पाणी उशिरा सुटतं, घागर भरायला जीव जातो. पण चैती रोज मिळते, थोडी. गोदा रोज खाते, थोडी. काल स्वतः उठून मोरीपर्यंत गेली. माय देवापुढे बसून राहते.

चाचा आज म्हणाले, "मास्तर, तुमी लिवनाऱ्या हाताचे. हे काम नोहे." त्यांनी खांद्याला लावायला तेल दिलं.

२५ मे

काल दिवसभर लूचं तापलेलं वारं. आज गेलो तर अर्धं वावर भाजून निघालेलं. पानं हातात चुरली. उरलेल्या झाडांची फुलं सगळी गळाली. मी तरी कावड खाली ठेवली नाही, वेड्यासारखा मेलेल्या झाडांना पाणी घालत होतो. चाचांनी कावडीला हात लावून थांबवलं.

बांधाकडची तीन झाडं बरी आहेत. त्यांच्यावर मिरच्या लाल होत आहेत, बियाच्या. दरसाल तेवढीच राखतात. त्यांच्या आज्यापासून हेच बी.

२८ मे

दोन दिवस चैती नाही. दोन दिवस ती जेवली नाही. आज उठून बसली नाही. हाक मारली तर डोळे उघडते आणि परत मिटते. मायने डॉक्टरांकडे माणूस धाडला, ते अकोल्याला गेलेत.

काय करू. कोणाला विचारू.

२९ मे

आज जे केलं ते लिहितो. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

उजाडता उजाडता वाडीत गेलो. न विचारता. त्या तीन झाडांपाशी. पहिल्या लाल मिरचीला हात घातला आणि मागे खाकरल्याचा आवाज आला. चाचा खोपीच्या दारात, वजूचं पाणी हातात.

मी हात काढला नाही. काढायला हवा होता.

"बी हाय ते, मास्तर. हे गेलं तं चैती गेली. तुमच्या गोदाबाईले पुढच्या सालीही नाही भेटनार, कोनालेच नाही."

"मले पुढचं साल नाही दिसून राह्यलं, चाचा."

त्यांनी झाडांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "नमाज पढून येतो. तुमाले जे तोडाचं ते तोडा." आणि पाठ करून गेले.

मी सात तोडल्या. झाडांवर चार राहिल्या, त्या अर्धवट पिकलेल्या.

घरी आणल्या. गोदापुढे ओंजळ धरली. लाल रंग पाहून तिने डोळे पूर्ण उघडले. "हे तं बियाची हायेत." "चाचानं देल्ली?" मी खाली बघितलं. तिला कळलं.

"मले बसवा."

माय नि मी धरून बसवली. धोतराचा फाटका तुकडा मागितला. मांडीवर पसरला आणि एकेक मिरची नखाने उभी चिरून बी काढू लागली. एकही बी फडक्याबाहेर पडत नव्हतं. मायने मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुमचं नख लागंन, मामीजी." सात मिरच्यांना अर्धा दिवस लागला. मधे तीनदा आडवी झाली. मग सालं भाजायला दिली आणि पाव भाकर खाल्ली.

३० मे

फडकं घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी बी तळहातावर घेऊन फुंकर मारली, एक दाताखाली धरलं. "झाडावर वाळलं नाही हे. उगवंन का नाही, खुदाले मालूम." फडक्याला गाठ मारून खोपीच्या वळचणीला टांगलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "बाईची तबियत कशी हाय?"

२ जून

सालं संपली. काल शेवटची. आज मायने गावरान आंब्याचा रस केला. दोन बोटं चाटली. भाकर नाही. ताप नाही. बोलते, पण कमी. बाभळीकडे न्या म्हणते. कशी नेऊ, उभी राहत नाही.

४ जून

डॉक्टर आले. पापणी ओढून पाहिली. "पहिल्यापेक्षा बरी आहे," म्हणाले. मायने विचारलं, "जगंन का?" ते म्हणाले, "जेवली तर." हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.

मिरचीचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

६ जून

दुपार. ढग नाहीत. मायने ताट वाढलंय. गरम भाकर, चून, कांदा, आंब्याची फोड. चैती नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. उशीला टेकून बसली आहे, ताट मांडीवर. माय चुलीपाशी, मुद्दाम पाठ करून. मी दारात वही घेऊन, तिच्याकडे बघू नये म्हणून लिहितोय. बघितलं की ती डोळे मिटते.

बांगडी वाजली. भाकर मोडल्यासारखा आवाज आला. किंवा ताट सरकवल्याचा असेल.

मी अजून मान वर केलेली नाही.